वाईट बातमी डॉक्टर कशी सांगतात, आणि सांगताना पळ कसा काढतात

प्रश्न असा आहे: वडिलांच्या बायोप्सीचा रिपोर्ट आला. राउंडवर आलेल्या डॉक्टरांनी पलंगाच्या पायथ्याशी उभं राहून "कॅन्सर आहे, चौथी स्टेज, केमो सुरू करू" एवढं दीड मिनिटात सांगितलं आणि ते पुढच्या पेशंटकडे गेले. डॉक्टरांना असं काही सांगायला शिकवतात की नाही? आणि त्यांना आतून काहीच वाटत नाही का?

दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करते. वाटतं. न वाटणारे डॉक्टर मी फार थोडे पाहिले. तुम्हाला जो कोरडेपणा दिसला, तो बहुतेक वेळा घाईनं झाकलेली धास्ती असते. समोरचा माणूस आता रडेल, चिडेल, की नुसता बघत राहील, आणि त्यातलं काहीही झालं तरी आपल्याकडे औषध नाही, हे डॉक्टरला ठाऊक असतं. औषध नसलेल्या खोलीत थांबायची सवय आम्हाला लागलेली नसते. म्हणून आम्ही पळतो. कुणी पायांनी पळतो, कुणी शब्दांनी. चोवीस वर्षं फिजिशियन म्हणून काम केल्यावर, आणि त्यातली बरीच आयसीयूत काढल्यावर, माझं मत असं झालंय की वाईट बातमी सांगताना होणाऱ्या जवळजवळ सगळ्या चुका या एकाच मुळाच्या फांद्या आहेत. बोलणारा आपली अस्वस्थता कमी करायला बोलतो, आणि त्याला वाटत असतं की तो पेशंटसाठी बोलतोय.

हे फक्त डॉक्टरांचं नाही. 1970 साली रोझेन आणि टेसर या मानसशास्त्रज्ञांनी दाखवलं की चांगला निरोप माणसं उत्साहानं पोचवतात, वाईट निरोप असला की टाळतात किंवा अर्धवट सांगतात. आणि हे स्वतःचा त्या बातमीशी काहीही संबंध नसताना. याला 'मम इफेक्ट' म्हणतात; इंग्रजीतलं 'मम' म्हणजे गप्प. आता हाच माणूस पांढरा कोट घालून उभा आहे, मागे आठ पेशंट थांबलेत आणि खिशातला फोन वाजतोय अशी कल्पना करा.

थोडा इतिहास, कारण 'पूर्वीचे डॉक्टर किती माणुसकीनं बोलायचे' असं नेहमी ऐकू येतं. पूर्वीचे डॉक्टर बहुतेकदा सांगतच नसत. अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या 1847 च्या आचारसंहितेत डॉक्टरनं रुग्णाला निराशाजनक भाकितं सांगण्यात पुढाकार घेऊ नये, त्यानं आशा आणि दिलासा द्यावा, असं लिहिलं होतं. 1961 साली ओकेन यांनी अमेरिकेत डॉक्टरांना विचारलं, तेव्हा सुमारे 90 टक्के डॉक्टर कॅन्सरच्या पेशंटला निदान न सांगणं पसंत करत होते. तशीच पाहणी 1979 मध्ये पुन्हा झाली आणि 97 टक्के डॉक्टर सांगण्याच्या बाजूनं होते. अठरा वर्षांत धंद्यानं पूर्ण कूस बदलली. उपचार सुधारले होते, संमतीशिवाय उपचार करता येत नाहीत हे कायद्यानं आणि समाजानं बजावलं होतं. पण 'सांगायचं' हे ठरलं, 'कसं सांगायचं' हे कुणी शिकवलं नव्हतं. ती उणीव आजही पुरती भरलेली नाही.

शिकवतात का, तर हो. आता बऱ्याच ठिकाणी 'स्पाइक्स' नावाची पद्धत शिकवतात. बेली, बकमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2000 साली ती मांडली. तिच्या सहा पायऱ्या आहेत: जागा नीट करणं, पेशंटला काय माहीत आहे ते विचारणं, त्याला किती ऐकायचंय ते विचारणं, मग माहिती देणं, त्याच्या भावनेला प्रतिसाद देणं, आणि शेवटी पुढचं ठरवणं. तोंडी परीक्षेत विद्यार्थी हे सहा शब्द धडाधडा म्हणतात. वॉर्डात मात्र पहिली पायरी कशीबशी, दुसरी-तिसरी गुल, चौथी मोठ्यानं, पाचवी गुल, आणि सहावीवर उडी. तुमच्या वडिलांच्या बाबतीत नेमकं हेच झालंय. 'कॅन्सर आहे' ही चौथी पायरी, 'केमो सुरू करू' ही सहावी. मधली गाळली.

जागेबद्दल फार बोलत नाही. बसा. पडदा म्हणजे भिंत नव्हे, शेजारच्या पलंगावरच्या माणसाला सगळं ऐकू जातं. फोन दुसऱ्याच्या हातात द्या. बसून बोललेला डॉक्टर पेशंटला जास्त वेळ थांबल्यासारखा वाटतो, घड्याळात वेळ तेवढाच झालेला असला तरी. म्हणजे वेळ नाही ही सबब इथे चालत नाही. शक्य असेल तर वॉर्डातल्या सिस्टरना सोबत घ्या, कारण डॉक्टर गेल्यावर "ते काय म्हणाले हो?" हा प्रश्न त्यांनाच विचारला जातो.

खरं काम विचारण्यापासून सुरू होतं. एक पेशंट होते, साठीच्या पुढचे, कमी बोलणारे. पोटाची बायोप्सी झाली होती. मी रिपोर्ट वाचून त्यांच्याकडे गेले ती मनात वाक्यं जुळवतच. पण जुन्या सरांची सवय लागली होती, म्हणून आधी विचारलं.

"काका, आतापर्यंत तुम्हाला या दुखण्याबद्दल काय सांगितलंय?"

"अल्सर असेल म्हणाले."

"आणि तुम्हाला स्वतःला काय वाटतंय?"

ते बराच वेळ खिडकीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "अल्सरनं माणूस सोळा किलो उतरतो का हो, डॉक्टर?"

त्यांना माहीत होतं. माझ्याकडे फक्त त्याचं नाव होतं. माझ्या मनात तयार असलेली वाक्यं तिथे निरुपयोगी होती, कारण ती अनभिज्ञ माणसासाठी बनवलेली होती. मी एवढंच म्हटलं, "रिपोर्ट आलाय. सगळं सविस्तर सांगू, की आधी थोडक्यात? सोबत कुणी हवंय का?" ते म्हणाले, "थोडक्यात. मुलगी बाहेर आहे, तिला बोलवा." मुलगी आली, बसली. "काका, रिपोर्ट आपल्याला हवा होता तसा नाही." एक क्षण थांबले. "जठराचा कॅन्सर आहे."

याउलट प्रसंगही येतो. "आधीच्या डॉक्टरांनी काही नाही म्हणून सांगितलंय, उद्या घरी सोडणार ना?" असं उत्तर आलं, तर कळतं की या माणसाला पहिल्या पायरीपासून न्यावं लागणार. एकच बातमी, पण एकाला एक वाक्य पुरतं आणि दुसऱ्याला तीन भेटी लागतात. न विचारता हे कळायचा दुसरा मार्ग मला सापडलेला नाही. आणि विचारून झाल्यावर ऐकावं लागतं. 1984 मध्ये बेकमन आणि फ्रँकेल यांनी डॉक्टर-पेशंट संवाद रेकॉर्ड करून तपासले, तेव्हा पेशंट बोलू लागल्यावर सरासरी 18 सेकंदांत डॉक्टर त्याला तोडत होते. आमची जात अशी आहे.

'रिपोर्ट हवा होता तसा नाही' या वाक्याला शिकवण्याच्या भाषेत इशारा म्हणतात. पायरी उतरताना अंधारात पुढे आणखी एक पायरी आहे असं कुणी सांगितलं तर पाय सावरतो, तसं. इशारा आणि बातमी यांच्यामध्ये दोन-तीन सेकंद जावे लागतात. मात्र तो इशारा वीस मिनिटं लांबवू नये. काही डॉक्टर आजाराचं शरीरशास्त्र सांगत बसतात, पेशी कशा वाढतात, कुठे पसरतात. आणि पेशंट बिचारा प्रत्येक वाक्यावर 'म्हणजे ते आहे की नाही' एवढंच शोधत असतो. हेही पळणंच आहे, फक्त माहितीच्या रस्त्यानं.

शब्दांनी पळण्याचे इतरही प्रकार आहेत. 'कॅन्सर' न म्हणता 'ग्रोथ', 'लिजन', 'काही पेशी वेगळ्या दिसतायत' म्हणणं. 'पॉझिटिव्ह' हा तर फसवा शब्द. रिपोर्ट पॉझिटिव्ह आला म्हटल्यावर हसलेला चेहरा मी पाहिलाय, आणि तो चेहरा उतरवण्याचं काम मग मलाच करावं लागलं. 'आजार प्रोग्रेस झालाय' हेही तसंच. शाळेपासून प्रोग्रेस म्हणजे चांगलं हेच आपण ऐकत आलोय. मी माझ्या रेसिडेंटना, म्हणजे हाताखाली शिकणाऱ्या डॉक्टरांना, सांगते की बातमीचं वाक्य पाच-सहा शब्दांचं असावं आणि त्यातला प्रत्येक शब्द पेशंटच्या घरातल्या दहा वर्षांच्या पोराला कळावा.

आणि त्या वाक्यानंतर गप्प बसावं.

हे ऐकायला सोपं वाटतं. मला शिकायला सहा-सात वर्षं लागली. 'कॅन्सर' हा शब्द उच्चारल्यावर खोलीत जी शांतता पसरते ती दहा सेकंदांची असली तरी दहा मिनिटांची वाटते, आणि ती भरून काढायला जीभ शिवशिवते. "पण आता चांगली औषधं आहेत", "आपण लगेच सुरू करू", "धीर धरा", "शांत व्हा". यातलं शेवटचं तर सरळ हुकूम आहे, आणि तो माझ्या सोयीसाठी दिलेला आहे. टिश्यूचा डबासुद्धा फार लगबगीनं पुढे केला तर त्याचा अर्थ 'रडणं आवरा' असाच होतो. डबा हाताशी ठेवावा, लागला तर घेतील.

त्या शांततेत बोललेलं वायाही जातं. साध्या भेटीत डॉक्टरनं दिलेल्या माहितीतली 40 ते 80 टक्के पेशंट लगेच विसरतो, असं स्मरणावरचा अभ्यास सांगतो. इथे तर डोक्यावर वीज पडलेली असते. तुमच्या वडिलांना केमोचं कोणतं औषध, किती सायकल हे त्या दिवशी सांगितलं असलं, तर ते त्यांच्यापर्यंत पोचलंच नाही असं धरून चाला.

गप्प बसल्यावर काय करायचं? बघायचं. समोरचा काय करतोय ते दिसतं. रडत असेल तर रडू द्यायचं. गोठला असेल तर थोड्या वेळानं म्हणायचं, "हे अचानक कानावर आलंय तुमच्या." एवढंच. 'मी समजू शकते' हे वाक्य मी वापरणं सोडलं, कारण एका बाईंनी मला विचारलं, "तुमचा मुलगा आजारी आहे का?" नव्हता. त्यापेक्षा 'मला वेगळं काही सांगता आलं असतं तर किती बरं झालं असतं' हे खरं आहे आणि त्यात पेशंटच्या बाजूला उभं राहणं आहे. "आधीच्या डॉक्टरनं सहा महिने ॲसिडिटीची औषधं दिली!" असा राग आला तर त्या डॉक्टरची वकिली करू नये आणि त्याला फाशीही देऊ नये. "सहा महिने तुम्ही सांगत होतात आणि दुखणं सापडलं नाही," असं म्हटलं की राग बहुधा स्वतःच रडण्यात उतरतो. जाता जाता एक: 1969 पासून प्रसिद्ध असलेल्या त्या दुःखाच्या पाच पायऱ्या (नकार, राग, सौदा, नैराश्य, स्वीकार) डोक्यात घेऊन पेशंटकडे जाऊ नये. 'हा अजून नकाराच्या पायरीवर आहे' असं वॉर्डात म्हटलेलं ऐकलं की मला राग येतो. तो माणूस कुठल्याही पायरीवर नाही, तो पलंगावर आहे आणि त्याला आताच कळलंय.

यानंतर प्रश्न येतो तो आकड्यांचा. "किती दिवस आहेत माझ्याकडे?" इथे आम्ही दोन टोकांना पळतो. एक, 'ते कुणाच्याच हातात नाही' म्हणून हात वर करणं. दोन, 'सहा महिने' असा ठोक आकडा टाकून मोकळं होणं. आमचे अंदाज कसे असतात ते ख्रिस्ताकिस आणि लॅमाँट यांनी 2000 साली तपासलं होतं. शेवटच्या टप्प्यातल्या 468 पेशंटबद्दल 343 डॉक्टरांनी अंदाज दिले. त्यातले 20 टक्के बरोबर निघाले, 63 टक्के गरजेपेक्षा आशावादी होते, आणि एकूण बघता डॉक्टरांनी उरलेला काळ प्रत्यक्षापेक्षा सुमारे पाच पट जास्त धरला होता. हे अंदाज पेशंटला सांगायचे नव्हते, अभ्यासकांना सांगायचे होते. म्हणजे तोंडदेखली आशा सोडाच, मनातल्या मनातही आम्ही चुकतो. आणि पेशंटला जितके दिवस ओळखत असू तितकी चूक वाढत जाते, हेही त्याच अभ्यासात दिसलं. माया लागते, दुसरं काय.

ठोक आकड्याची दुसरी अडचण अशी की 'सहा महिने' हा मध्यक असतो. म्हणजे शंभर जणांतले पन्नास त्याआधी जातात, पन्नास त्यानंतरही जगतात, आणि त्यातले काही फार नंतर. जीवाश्मांचे अभ्यासक स्टीफन जे गूल्ड यांना 1982 मध्ये पोटातला मेसोथेलिओमा हा दुर्मिळ कॅन्सर झाला. पुस्तकात मध्यक होता आठ महिने. ते आणखी वीस वर्षं जगले आणि 2002 मध्ये दुसऱ्याच कॅन्सरनं गेले. पेशंट मात्र 'सहा महिने' ऐकून कॅलेंडरवर खूण करतो, आणि घरचेही करतात. ती तारीख उलटली की डॉक्टर खोटारडा, आधी आली की डॉक्टरनं फसवलं.

म्हणून मी पट्टा सांगते. पसरलेल्या कॅन्सरसाठी एक ढोबळ हिशेब उपयोगी पडतो: मध्यक बारा महिने असेल तर साधारण निम्मे लोक सहा महिने ते दोन वर्षं या पट्ट्यात येतात, दहातला एखादा तीन वर्षं किंवा त्याहून जास्त जगतो, आणि दहातला एखादा दोन-तीन महिन्यांतच जातो. हे बोलण्याच्या भाषेत असं येतं: "तुमच्यासारख्या आजारात साधारण निम्म्या लोकांना सहा महिने ते दोन वर्षं मिळतात. काहींना बरीच जास्त, ती आपल्याला मिळावीत असं मलाही वाटतं. काहींना फार कमी, आणि त्याचीही तयारी ठेवू." पण हे सगळं सांगण्याआधी आणखी एक विचारणं असतंच: "तुम्ही हे का विचारताय ते सांगाल?" कुणाला मुलीचं लग्न डोळ्यासमोर असतं, कुणाला घराचे कागद करायचे असतात, आणि कुणाला फक्त 'शेवटी दुखेल का' हे विचारायचं असतं, तेवढं धाडस होत नाही म्हणून तो दिवस विचारतो. शेवटच्याला आकडा देणं म्हणजे तहानलेल्याला नकाशा देणं.

'केमो सुरू करू' या वाक्याकडे परत येते, कारण ते मला सगळ्यात धोक्याचं वाटतं. बातमी आणि उपचार एका श्वासात सांगितले की ऐकणारा त्यांची सांगड घालतो: आजार आहे, त्यावर इलाज आहे, म्हणजे बरं होणार. 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका अभ्यासात, पसरलेल्या कॅन्सरसाठी केमो घेतलेल्या सुमारे 1200 पेशंटना विचारलं गेलं. फुप्फुसाच्या कॅन्सरच्या 69 टक्के आणि मोठ्या आतड्याच्या 81 टक्के पेशंटना हे उपचार आजार बरा करण्याची शक्यता नाही हे कळलेलं नव्हतं. त्यांच्याशी कुणी खोटं बोललं असेल असं नाही. 'सुरू करू' एवढंच म्हटलं असेल. चौथ्या स्टेजच्या बहुतेक कॅन्सरमध्ये केमो आजार रोखून धरायला, त्रास कमी करायला, आयुष्य काही काळ वाढवायला असते. काही कॅन्सर याला अपवाद आहेत. म्हणून "हे औषध आजार घालवण्यासाठी आहे की आटोक्यात ठेवण्यासाठी?" हा प्रश्न तुम्ही डॉक्टरांना याच शब्दांत विचारा. उत्तर एका शब्दात येऊ शकतं.

याच जोडीनं पॅलिएटिव्ह केअरचं, म्हणजे वेदना आणि त्रास कमी करणाऱ्या उपचारांचं, नाव काढलं की घरचे दचकतात, कारण त्यांना ते 'आता हात टेकले' असं ऐकू येतं. 2010 मध्ये पसरलेल्या फुप्फुसाच्या कॅन्सरच्या 151 पेशंटवर एक अभ्यास झाला. निदानापासूनच नेहमीच्या उपचारांसोबत पॅलिएटिव्ह टीमची मदत मिळालेल्यांचं रोजचं जगणं सुधारलं, उदासी कमी राहिली, आणि शेवटी कमी आक्रमक उपचार घेऊनही त्यांचा जगण्याचा मध्यक 11.6 महिने होता. दुसऱ्या गटाचा 8.9. ही टीम हवी म्हणून मागणं म्हणजे शस्त्रं खाली ठेवणं नाही.

आता नातेवाईकांचा भाग. तुम्ही लिहिलेलं नाही, पण बहुतेक घरांत तो पहिलाच येतो. मी वॉर्डात शिरण्याआधीच कॉरिडॉरमध्ये कुणीतरी गाठतं.

"मॅडम, बाबांना काही सांगू नका. खचतील ते."

पूर्वी मी इथे पेशंटच्या हक्कांवर भाषण देत असे. त्यानं मुलगा आणखी घट्ट होतो, कारण त्याला वाटतं की बाबांचा सांभाळ करणारा तो एकटाच आहे आणि मी त्यांच्यावर घाव घालायला निघालेय. आता मी विचारते, "सांगितलं तर काय होईल असं वाटतं तुम्हाला?" मग खरं बाहेर येतं. जेवण सोडतील. आईचा भाऊ असाच कळल्यावर आठ दिवसांत गेला. किंवा, फार वेळा, "मला त्यांच्यासमोर रडू येईल." ते सगळं ऐकून घेतल्यावर मी माझी बाजू सांगते: "मी त्यांच्यावर काही लादणार नाही. पण त्यांनी सरळ विचारलं तर खोटं बोलणार नाही. मी फक्त त्यांना विचारते की त्यांना किती ऐकायचंय. तुम्ही तिथेच बसा." याला आजवर फार थोड्यांनी नकार दिलाय.

आणि विचारल्यावर काय निघतं? एका बाईंच्या मुलीनं आम्हा सगळ्यांकडून शब्द घेतला होता की आईसमोर 'कॅन्सर' म्हणायचं नाही. रात्रपाळीच्या सिस्टरांनी सकाळी मला सांगितलं, "त्या मावशींना सगळं माहीत आहे. मलाच म्हणाल्या, पोरीला कळू देऊ नका मला कळलंय ते, ती फार हळवी आहे." दोघी एकमेकींना सांभाळत होत्या आणि दोघी एकट्या पडल्या होत्या. ग्लेझर आणि स्ट्रॉस या समाजशास्त्रज्ञांनी 1960च्या दशकात अमेरिकेतल्या हॉस्पिटलांत बसून नेमकं हे टिपलं होतं: सगळ्यांना माहीत आहे आणि सगळे माहीत नसल्यासारखं वागतायत. त्यात पेशंट काय गमावतो? सही, निरोप, माफी, एखादी भेट. आम्ही त्या दोघींना एकत्र बसवलं तेव्हा मी एक वाक्यही बोलले नाही, गरज पडली नाही.

पण न ऐकायचा हक्कही हक्कच आहे, हे मी शिकवताना दरवेळी सांगते, कारण नव्या डॉक्टरांना सत्य सांगण्याचा उत्साह चढतो. "माझ्या मुलाशी बोला, मला तपशील नकोत," असं पेशंट म्हणाला तर तसंच करावं. फक्त ते त्याच्या तोंडून आलं पाहिजे, आणि काही दिवसांनी पुन्हा एकदा विचारावं. माणसाचं मन बदलतं.

मृत्यूची बातमी ही वेगळीच गोष्ट. तिथे हळूहळू न्यायला जागा नसते. माझी सगळ्यात मोठी चूक इथलीच. रेसिडेंट असताना, पहाटे साडेतीनला, एका तरुण मुलासमोर मी म्हटलं, "आम्ही खूप प्रयत्न केले, पण तुमचे वडील गेले." तो म्हणाला, "कुठे? मोठ्या हॉस्पिटलात हलवलं का?" आदल्या संध्याकाळी हलवायची भाषा झाली होती. मला ते वाक्य पुन्हा उच्चारावं लागलं, आणि दुसऱ्यांदा ते अधिक क्रूर होतं. 'गेले', 'राहिले नाहीत', 'सोडून गेले' हे मराठीतले सगळे शब्द प्रेमळ आहेत आणि पहाटे साडेतीनला सगळे निसरडे. आता मी 'मृत्यू झाला' म्हणते. आधी नातं विचारून खात्री करते, नाव उच्चारते, बसते, आणि म्हणते, "माझ्याकडे फार वाईट बातमी आहे. तुमच्या वडिलांचा थोड्या वेळापूर्वी मृत्यू झाला." प्रयत्नांची यादी नंतर, त्यांनी विचारली तर. फोनवर सांगायची वेळ आली तर आधी दोन प्रश्न: तुम्ही गाडी चालवताय का, जवळ कुणी आहे का.

आयसीयूत मृत्यू जवळ आलेला असतो तेव्हा घरच्यांशी जी बैठक होते, तिच्यावर 2007 मध्ये फ्रान्समधल्या 22 आयसीयूंमध्ये अभ्यास झाला. निम्म्या कुटुंबांशी नेहमीसारखी बैठक, निम्म्यांशी ठरवून ऐकण्यावर भर देणारी बैठक आणि सोबत एक माहितीपत्रक. दुसऱ्या बैठका 30 मिनिटांच्या झाल्या, नेहमीच्या 20. फक्त दहा मिनिटांचा फरक. पण घरच्यांना बोलायला मिळालेला वेळ 5 मिनिटांवरून 14 वर गेला. नव्वद दिवसांनी त्या नातेवाईकांमध्ये मानसिक आघाताची लक्षणं 45 टक्क्यांना होती, नेहमीच्या बैठकीतल्यांना 69 टक्के. ती वाढीव दहा मिनिटं जवळजवळ सगळी डॉक्टरच्या गप्प बसण्याची होती, आणि मला माहीत असलेल्या औषधांपैकी इतका फरक पाडणारी फार नाहीत.

आणखी एक तक्रार, माझ्याच लोकांविरुद्ध. बकमन यांनी 1984 मध्ये वाईट बातमीची व्याख्या केली होती ती अशी: माणसाची स्वतःच्या भविष्याकडे बघण्याची दृष्टी जी गंभीरपणे बिघडवते ती. यात कॅन्सर हा शब्द नाही. ट्रकचालकाला 'तुम्हाला फिट्स येतात, गाडी चालवायची नाही' हे सांगणं वाईट बातमी आहे. विशीतल्या मुलीला 'आयुष्यभर इन्सुलिन' हे सांगणं वाईट बातमी आहे. सोनोग्राफीच्या अंधाऱ्या खोलीत प्रोब फिरवता फिरवता डॉक्टर गप्प होतो, स्क्रीन आपल्याकडे वळवून घेतो, आणि पोटुशी बाई त्याच्या चेहऱ्यावर ठोके शोधत असते; ती वाईट बातमी तर सांगण्याआधीच सांगून झालेली असते. कॅन्सर सांगताना आम्ही निदान स्वतःला सावरून जातो. या बाकीच्या बातम्या आम्ही चालता चालता टाकतो, कारण आमच्यासाठी तो दिवसातला दहावा तसा पेशंट असतो. आता रिपोर्ट थेट फोनवर येतात, त्यामुळे अनेकदा पेशंटनं आमच्याआधी वाचलेलं असतं. तेव्हाही सुरुवात तीच: "तुम्ही वाचलंत का? काय समजलं?"

तुमच्या वडिलांच्या डॉक्टरांना मी ओळखत नाही. त्यांना कदाचित कुणी शिकवलं नसेल. रेसिडेंट सीनियरला बघून शिकतो, पण रेसिडेंट सांगत असताना त्याला बघणारं कुणी नसतं. तुम्ही त्यांना परत गाठू शकता. राउंडवर नको. सिस्टरांमार्फत निरोप द्या: "आम्हाला पंधरा मिनिटं बसून बोलायचंय, डॉक्टरांना कधी सोयीचं आहे?" अशा निरोपाला बहुतेक डॉक्टर वेळ देतात, उलट त्यांची सुटका होते. तीन प्रश्न कागदावर लिहून न्या: औषध आजार घालवण्यासाठी की आटोक्यात ठेवण्यासाठी, न घेतलं तर काय होईल, आणि दुखण्यासाठी आतापासून कोण बघेल. परवानगी घेऊन बोलणं फोनवर रेकॉर्ड करा, घरी पुन्हा ऐकता येतं.

पण त्याआधी, आज संध्याकाळी, वडिलांजवळ बसा आणि त्यांना विचारा, "त्या दिवशी डॉक्टर बोलले, त्यातलं तुम्हाला काय कळलं?" कदाचित त्यांनी फक्त पहिला शब्द ऐकला असेल, कदाचित फक्त शेवटचा. उत्तराला वेळ लागला तर लागू द्या.